सकाळच्या मापाचे बूट

पायांच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. उभा जन्म मी लोकांच्या पायांशी बसून काढला आहे. माणूस दुकानात शिरला की मी आधी त्याचं पाऊल बघतो, मग सवड मिळाली तर तोंड. टाच कुठून झिजली आहे ते बघून त्याची बायको त्याला पळवते की बसवून ठेवते, हेसुद्धा मी सांगतो. बहुतेक वेळा बरोबर येतं. चुकलं तर म्हणतो, बूट उसने दिसताहेत.

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की माप संध्याकाळी घ्यायचं. सकाळचं पाऊल परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं अंग चोरून बसलेलं असतं. दिवस चढला की तेच पाऊल हातपाय पसरतं! म्हणून सकाळी माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक मी दारातून परत पाठवतो. "सकाळचं पाऊल खोटं बोलतं," असं त्याला वर ऐकवतोही. हा नियम तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, म्हणून तर ही गोष्ट झाली.

मला एकच लेक. तिची आई ती चालायला लागायच्या आधीच गेली. तेव्हापासून तिच्या पायात माझ्या हातचं सोडून दुसरं काही गेलं नाही. तिच्या मापाचा एकही फर्मा, म्हणजे ज्यावर बूट बेततात तो लाकडी पाय, मी टाकलेला नाही. दुकानाच्या भिंतीवर ते ओळीनं टांगलेले आहेत, पहिला माझ्या अंगठ्याएवढा आणि शेवटचा तिच्या लग्नातला. लहानपणी ती अखंड बोलायची, म्हणून मी तिला टकळी म्हणतो. शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी सगळा दिवस माझ्यापुढं ओतायची. मला अक्षरं शिकवली तीही तिनंच. मी चाळिशीतला बाप्या, ती दुसरीतली मास्तरीण! खडूनं सोलवर अक्षर काढून द्यायची आणि मी ते गिरवायचो. त्या वर्षी गावातली बरीच माणसं तळव्याखाली बाराखडी घेऊन हिंडली.

तिनं माझ्यापासून काही म्हणता काही लपवलं नाही. मोठी झाली तेव्हाही आधी मलाच येऊन सांगितलं. मी घाबरून औषधवाल्याच्या बायकोकडं धावलो, जाताना न्हाव्याला सांगितलं, येताना दोन गिऱ्हाइकांना. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली चौकशीला आली. केवढी माया लोकांची! ती मात्र त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

तर या टकळीला दिवस गेले. खाली माझं दुकान, दुकानामागं माझी खाट, आणि वरच्या दोन खोल्यांत ती आणि जावई. सातव्या महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग विहीणबाई आल्या.

विहीणबाई गाद्या आणि उशा शिवतात. येताना शिलाई मशीन बरोबर घेऊनच आल्या. उतरल्या, पदर खोचला, आणि माझ्या लेकीच्या शरीराचा ताबा घेतला. दुसरा शब्द नाही! पहिल्याच दिवशी त्यांनी एक उशी शिवली. उशी कसली, अजगर होता तो. डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत वळसा घालून लेकीला कवेत घ्यायचा. पोटाला टेकू, पाठीला टेकू, गुडघ्यांमध्ये टेकू. त्या पलंगावर टेकू मिळाला नाही तो फक्त जावयाला. तो उशाशीची चादर घेऊन खाली माझ्याकडं झोपायला आला.

जावई लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं बोलणंही लिफ्टसारखंच, बटण दाबल्यावर दार उघडायला बराच वेळ लागतो. बऱ्याच वेळानं म्हणाला, "बाबा, त्या उशीचा मला हेवा वाटतो हो."

मी म्हणालो, "तुझं उशीवर निभावलं. मला तुझ्या आईचा वाटतो."

असे आम्ही दोघं जळके एका छपराखाली राहू लागलो.

आता लेकीचं काय होत होतं, ते मला दिसत होतं. आंधळा नव्हतो मी. नाकाचा बटाटा झाला होता. बेंबी बाहेर येऊन झग्यातून दारावरच्या घंटेच्या बटणासारखी दिसायची. चालताना ती बदकासारखी डुलायची, आणि दुपारी झोपली की असं घोरायची की खाली माझ्या फर्म्यांची माळ हलायची. जेवलं की छातीत जळजळ, नाही जेवलं तरी जळजळ. घोटे तर नाहीसेच झाले. पोटरी सरळ पावलात उतरायची, नळकांड्यासारखी. एवढं सगळं दिसत होतं, पण तिनं मला सांगितलं त्यातलं काहीच नाही. मी जिना चढून विचारायचो, काय होतंय बाळा? ती म्हणायची, काही नाही बाबा. मी पाठ फिरवली की आत कुजबुज, आणि मग दोघींचं दार लावून हसणं.

आणि ती त्यांना "आई" म्हणायची. तशी सगळ्याच सुना म्हणतात. पण आमच्या घरात तो शब्द इतकी वर्षं कोणी उच्चारला नव्हता. वरून ऐकू आला की माझी आरी चामड्यातच थांबायची.

मला फार काही नको होतं. तिला काय होतंय ते तिनं मला सांगावं, पूर्वीसारखं, एवढंच. तेवढ्यासाठी मी काय काय केलं ते ऐका.

आधी मी हेरगिरी केली. न्हाणीघरातल्या फळीवर एक मलमाची नळी सापडली. नाव पुसून गेलेलं, पण नळी अर्धी संपलेली. विहीणबाई संध्याकाळी लेकीचे पाय कोमट पाण्याच्या टबात घालून बसतात, ते मला ठाऊक होतं. म्हणजे हे पायाचं मलम! मग वडिलांच्या गुडघ्यांनी काय घोडं मारलंय? घरात इतकं गुणकारी औषध आहे आणि मला कोणी विचारत नाही! मी रोज ते दोन्ही गुडघ्यांना चोळू लागलो. खोटं कशाला बोलू, गार वाटायचं.

एकदा जेवताना लेक जराशी एका अंगावर कलून बसली होती, हळूच सासूला म्हणाली, ते संपलंच कसं एवढ्यात? मी मोठेपणानं सांगितलं की मलम मी लावतो, गुडघ्यांना चांगला उतार आहे, आणखी एक नळी आणा. जावयाला ठसका लागला. लेकीनं ओठ घट्ट मिटले, तांबडी झाली, आणि पोट सावरत एकदम आत पळाली. विहीणबाई माझ्याकडं बघून अगदी मृदू आवाजात म्हणाल्या, "लावा व्याहीबुवा, लावा. इतकं काही नाही त्यात." आणि त्याही आत गेल्या. दार लागलं. हसणं सुरू झालं.

बघा! बापाचे गुडघे म्हणजे यांना हसण्याचा विषय!

तरीही मी गप्प बसलो असतो. पण मग विहीणबाईंनी माझ्या ताटात हात घातला. एके दिवशी सकाळी लेक जिन्यावरून उतरली ती चपला घालून, आणि त्या चपला माझ्या नव्हत्या. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या, आत कापूस भरलेल्या, वरून टाचलेल्या, पुढून उघड्या. दोन पायांत दोन छोट्या गाद्या! पाय त्यात असा पसरला होता, जणू सुट्टीवर गेलाय.

लेक म्हणाली, "आईंनी शिवल्या. फार बरं वाटतंय बाबा."

माझ्या पोटात असं दुखलं की विचारू नका. गादीवाल्यांनी गाद्या शिवाव्यात. मी कधी कोणाची उशी शिवायला गेलो का? मी भिंतीवरच्या फर्म्यांकडं बघितलं. एवढ्या वर्षांची ओळ, आणि शेवटी कापूस!

त्याच क्षणी मी ठरवलं की असे बूट करायचे की विहीणबाईंनी तोंडात बोट घालावं. पण माप? संध्याकाळी पाय टबात, आणि टब विहीणबाईंच्या ताब्यात. मी माप घ्यायला गेलो तर त्या विचारणार, कशाला? मग गुपित कसलं राहतं. म्हणून विहीणबाई भाजी आणायला बाहेर पडल्या तशी मी सकाळी सकाळीच वर गेलो. लेक अजगराच्या मिठीत गाढ झोपली होती, पाय दोन उशांवर उंच. मी हळूच फीत गुंडाळली, कागदावर पाऊल काढलं. सूज बघून मनात म्हटलं, उगाच बाऊ करतात बायका, फर्म्यापेक्षा जेमतेम बोटभर जास्त.

तुम्ही मान हलवताय, कळतंय मला. पण माणूस जळायला लागला की आधी त्याची अक्कल जळते.

बूट मात्र काय झाले म्हणता! लोण्यासारखं मऊ चामडं, आत पातळ अस्तर, टाच धरून ठेवणारे, घोट्यापर्यंत बंद. बंद बांधायला नको, बक्कल लावायला नको, कारण वाकता येत नाही तिला. पाय आत सरकवला की झालं. तपासणीला जायच्या दिवशी सकाळी मी ते तिच्यापुढं ठेवले. तिनं बुटांकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग माझ्याकडं. आणि पाय सरकवले. अगदी बेतशीर बसले. डोळे भरून आले तिचे. मी विहीणबाईंकडं बघितलं. त्यांनी बूट बघितले, लेकीचा चेहरा बघितला, आणि कापडी चपला उचलून गुपचूप पिशवीत टाकल्या. हरल्या, असं मी समजलो.

दवाखान्यात गर्दी होती. आम्ही चौघं बाकावर ओळीनं बसलो. बसलेल्या प्रत्येकाला मी लेकीचे बूट दाखवले. लेक आधी हसत होती. मग हसू कमी झालं. मग तिनं बाकाची कड धरली. मी विचारलं, काय होतंय बाळा? म्हणाली, काही नाही बाबा. माझं मन मोडू नये म्हणून म्हणाली, हे मला पुढं कळलं. त्या वेळी मला वाटलं, बघा, अजूनही सांगत नाही!

शेवटी नर्सनं आत बोलावलं. आत म्हणजे पडद्यापलीकडं, अर्धा बोळ तिथूनही दिसत होता. वजन करायचंय, पायांची सूज बघायचीय, बूट काढा, म्हणाली. लेकीनं पाय हलवला. बूट हलला नाही. नर्सनं ओढून बघितलं. बूट जिथल्या तिथं. चामड्यावरून पाय असा उतू चालला होता, जणू भांड्यातून पीठ. पायातली वहाण पायातच बरी म्हणतात, पण इतकी?

मी म्हटलं, बाजूला व्हा, हे माझं काम आहे. मी खाली बसलो, टाच धरली, आणि ओढलं. लेक खुर्चीसकट पुढं सरकली. तेव्हा विहीणबाईंनी तिला मागून काखेत हात घालून धरलं. मी इकडं ओढतोय, त्या तिकडं ओढताहेत, मधे लेक. एवढ्या दिवसांचं जे आमचं चाललं होतं, तेच आता सगळ्यांसमोर चाललं होतं! जावयाचं दार बऱ्याच वेळानं उघडलं. तो म्हणाला, "माझ्याकडं लिफ्टच्या तारांचं ग्रीस आहे. आणू?"

विहीणबाई म्हणाल्या, "नको रे. व्याहीबुवांकडं मलम असेल."

झालं. लेकीला हसू फुटलं. आधी खुदकन, मग खदखदून, पोट धरून. "आई, नका हो," म्हणते आणि हसते. "आई, खरंच नका, मला..." आणि तेवढ्यात खुर्चीवरून टप टप आवाज आला. मी खाली बसलेलो. माझ्या गुडघ्यांपाशी पाणी आलं.

मी इतक्या वर्षांत एवढ्या मोठ्यानं ओरडलो नव्हतो. "पाणमोट फुटली! पाणी गेलं! बाळ येतंय!"

बोळातली सगळी माणसं उभी राहिली. लेक म्हणाली, बाबा, थांबा. कोण थांबतंय! मी चाकांची खुर्ची ओढून आणली, त्यात कोणी म्हातारा बसला होता त्याला उठवलं. नर्सनं आणि विहीणबाईंनी लेकीला तीत बसवलं. जावई भिंतीला टेकला आणि लिफ्टसारखा सरळ खाली गेला. आया त्याच्या तोंडावर पाणी मारू लागली. मला आठवलं, बाळंतपण बूट घालून कसं करणार? मी खिशातली रापी काढली. रापी म्हणजे आमची चामडं कापायची सुरी, ती माझ्या खिशात असतेच. पण बाळंतिणीच्या मागं हातात सुरी घेऊन धावणारा म्हातारा बघून रखवालदाराला काय वाटायचं ते वाटलं. त्यानं मला मागून मिठी मारली. मी त्याच्या मिठीतून ओरडतोय, "अहो, मी तिचा बाप आहे, मला तिचे बूट कापायचेत!" हे ऐकून त्यानं मिठी आणखी आवळली.

डॉक्टरीणबाई आल्या. शांतपणे विचारलं, पाणी कधी गेलं? कळा येताहेत का? लेकीनं विहीणबाईंकडं बघितलं. विहीणबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "माझ्या हातून पाण्याची बाटली सांडली."

बाटली त्यांच्या काखेत होती. भरलेली. झाकण लावलेली.

मी म्हणालो, खोटं बोलताहेत या! माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी, आतून आलं पाणी. नातवंडाच्या जिवाशी खेळ नको. डॉक्टरीणबाई, आधी आत घ्या तिला!

तेव्हा माझी टकळी चाकांच्या खुर्चीतून माझ्याकडं वळली. किती दिवसांनी तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

"बाबा, ते शू आहे," ती म्हणाली.

बोळातली उभी माणसं एकेक करून खाली बसली.

"हसले की होते. शिंकले की होते. जिना उतरताना होते, म्हणून मी तुमच्या दुकानात फारशी येत नाही. तुम्ही वर येता तेव्हा मी धुतलेलं वाळत घातलेलं असतं, म्हणून दार लावते. ढेकर थांबत नाहीत, शौचाला होत नाही, आणि बसताना मी एका अंगावर कलून बसते, कारण मला मूळव्याध झालीय. ते मलम त्याचं होतं बाबा. तुम्ही गुडघ्यांना लावलंत ते. आणि हे बूट मला बाकावर बसल्यापासून चावताहेत."

एका दमात! अगदी शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायच्या आधी सांगायची तशी. रखवालदाराची मिठी ढिली पडली. बाकावरची दुसरी एक पोटुशी बाई हळूच शेजारणीला म्हणाली, मलापण होतं हो. मग तिसरी म्हणाली, मलापण.

माझ्या मनासारखं झालं होतं. लेकीनं मला सगळं सांगितलं होतं. फक्त मीच एकटा ऐकणारा असतो तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळ जागच्या जागी होतं, त्याला यायची काही घाई नव्हती. मग मी जमिनीवर बसून माझे बूट माझ्याच रापीनं पुढून चिरले. लोण्यासारखं चामडं लोण्यासारखं कापलं गेलं. मोकळ्या झालेल्या पावलांवर माझे टाके उमटले होते, एकूण एक. मी ते चोळत राहिलो. विहीणबाईंनी पिशवीतून कापडी चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. लेकीच्या पायात घालायला, माझ्याच हातात. टोमणा मारला असता तर मला सोसलं असतं.

वाटेत मी लेकीला हळूच विचारलं, हे मला आधी का सांगितलं नाहीस? मी काय परका आहे?

ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला सांगितलं की न्हाव्याला कळतं. आईंना सांगितलं की तिथंच राहतं."

संध्याकाळी मी वर गेलो आणि विहीणबाईंकडून त्या चपला मागून घेतल्या. कापड घसरतं, दवाखान्याची फरशी गुळगुळीत असते, म्हणून खाली चामड्याचे सोल लावून दिले. विहीणबाईंनी चष्मा लावून माझा टाका बघितला आणि म्हणाल्या, बरा आहे. गादीवालीच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. त्या दिवसापासून टब त्या भरतात, पुसायला टॉवेल मी धरतो. नात झाली ती तिच्या वेळेला, आणि तिच्या पावलाचं पहिलं माप मी घेतलं. संध्याकाळी.

टॉवेल माझ्याकडं आला त्या दिवशी लेकीनं मला एकच अट घातली होती. "बाबा, आता सगळं तुम्हाला सांगत जाईन. पण दवाखान्यातलं कुणाला सांगायचं नाही."

मी शब्द दिला, आणि पाळलाही. न्हाव्यानं खोदून खोदून विचारलं, गिऱ्हाइकांनी विचारलं, मी तोंड उघडलं नाही. आजपर्यंत मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त लिहून काढलं आहे, आणि लिहायला मला तिनंच शिकवलं आहे.

विहीणबाईंनी मात्र लिहिलंही नाही. कशा राहतात कोण जाणे! खरं सांगू? बाकी सगळं मिटलं, पण या बाबतीत मला त्यांचा अजून हेवा वाटतो.